उत्तरेकडचं जंगल जळाल्यावर मातीतलं खत जातं कुठे आणि परत येतं कसं?

पानगळ (धागालेखक)

उन्हाळा आला की इकडे अल्बर्टात सगळ्यांच्या तोंडी धुराचाच विषय असतो. २०२३ ला तर कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळालं, यलोनाइफसारखं वीसेक हजार वस्तीचं शहर रिकामं करावं लागलं. तेव्हापासून मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं, की एवढं काय वाईट वाटून घ्यायचं, राख म्हणजे खतच की, जंगल आणखी जोमाने येईल. हे अर्धंच खरं आहे आणि राहिलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जळालेल्या जंगलातल्या मातीचे नमुने काढणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

आधी न जळालेलं जंगल. इथल्या ब्लॅक स्प्रूसच्या (सुयांसारख्या पानांचं सदाहरित झाड) जंगलात पाय टाकला की तो मॉसमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या शेवाळासारख्या गादीत रुततो. वरचं हिरवं मॉस उपटलं की खाली तपकिरी थर, त्याखाली काळपट, ओला, दाबला की पाणी सोडणारा थर, ह्या सगळ्याला आम्ही डफ म्हणतो आणि तो २०-३० सेंटिमीटर सहज भरतो. खरी खनिज माती त्याच्याही खाली. ह्या डफमध्ये शंभर-दीडशे वर्षांच्या सुया, काड्या, मेलेलं मॉस, मुळं असं सगळं न कुजता साठलेलं असतं कारण थंडी, ओल आणि आम्लपणा (पीएच ४ च्या आसपास) ह्यामुळे जीवाणू आणि बुरशीचं काम अगदी संथ चालतं. जमिनीतला बराचसा नायट्रोजन ह्याच थरात, सेंद्रिय रूपात अडकलेला. म्हणजे मातीत भरपूर आहे आणि झाडं तरी उपाशी आहेत.

मग आग येते आणि इथे सगळी अन्नद्रव्यं सारखी वागत नाहीत हे लक्षात घ्यायला हवं. नायट्रोजन साधारण २०० अंश सेल्सियसच्या पुढे वायू होऊन उडायला लागतो, फॉस्फरस आणि पोटॅशियमला त्यासाठी ७५० च्या वर जावं लागतं आणि कॅल्शियमला तर १४०० च्याही वर, जे जंगलाच्या जमिनीवर होत नाही. त्यामुळे नायट्रोजन धुरातून जातो आणि बाकीचं बरंचसं राखेत उरतं (वाऱ्याने राख उडून जाते तो भाग वेगळा). राख अल्कधर्मी, ती आम्ल मातीवर पडली की पीएच वर चढतो. त्यात डफ तापल्यामुळे त्यातल्या सेंद्रिय नायट्रोजनचा थोडा भाग अमोनियम होऊन मोकळा होतो, वर सावली गेलेली, जमीन काळी आणि उबदार, जीवाणूंना एकदम सुगी. पहिल्या एकदोन वर्षांत तुम्ही जळक्या रानात गेलात तर गुलाबी फायरवीडचे ताटवेच्या ताटवे दिसतात ते ह्या मोकळ्या झालेल्या खतावरच.

आणि हीच ती 'आणखी जोमाने येईल'वाली वर्षं. अमोनियम वर्षभरात उतरायला लागतो, त्यातला काही नायट्रेट होतो, काही झाडं आणि जीवाणू उचलतात, काही पाण्याबरोबर जातो. पोटॅशियम फार विरघळतं म्हणून ते लवकर धुपतं, कॅल्शियम मात्र बरीच वर्षं टिकून राहतं. पुढचं उपप्रतिसादांत लिहितो, नाहीतर फार लांबेल.

रानजाई

छान धागा. पण एक कळलं नाही, नायट्रोजन धुरातून उडून गेला म्हणता आणि लगेच झाडांना नायट्रोजन जास्त मिळाला असंही म्हणता, हे दोन्ही एकाच वेळी कसं?

पानगळ

@रानजाई, एकूण साठा आणि हाताला लागणारा साठा वेगळा. आगीत एकूण साठा घटतो, पण उरलेल्यातला जो भाग आधी कुजतच नव्हता तो झाडाला घेता येईल अशा रूपात येतो. शिवाय खाणारी मोठी झाडं मेलेली असतात त्यामुळे सुरुवातीला मागणीच कमी असते. म्हणून कुणी पहिल्या वर्षी नमुना काढून 'माती सुपीक झाली' म्हणालं तर त्याचा आकडा बरोबर असतो पण निष्कर्ष घाईचा असतो. वीस वर्षांनी तीच दाट वाढलेली पोरसवदा झाडं सगळं ओढून घेतात, तेव्हा तुटीचा हिशोब दिसायला लागतो.

उमिओकर

मी उत्तर स्वीडनमध्ये, ह्याच विषयाच्या आजूबाजूला संशोधन करते, म्हणून गेलेला नायट्रोजन परत कसा येतो ते सांगते.

इथे वरून पावसाबर्फातून फारच थोडा नायट्रोजन पडतो. खूप वर्षं कोडं होतं की मग ह्या जंगलांना तो पुरतो कसा. २००२ मध्ये डेलुका, झॅक्रिसन वगैरे मंडळींनी नेचर ह्या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की जमिनीवर जे लालसर देठाचं साधं मॉस सगळीकडे पसरलेलं असतं, प्ल्युरोझियम, त्याच्या पानांच्या बगलेत नॉस्टॉक नावाचे सायनोबॅक्टेरिया राहतात आणि ते हवेतला नायट्रोजन धरतात, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात आणतात. हेक्टरी वर्षाला दीड-दोन किलो. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली हिरव्या प्रकाशात पान ठेवलं की पानाच्या खोबणीत लाल मण्यांच्या छोट्या माळा चमकतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ डोळा काढला नव्हता.

आता खरी गोम अशी की हे मॉस आगीत मरतं आणि लगेच परत येत नाही. आधी येतात ती वेगळी मॉस, सेराटोडॉन आणि पॉलिट्रिकम, आणि मार्कांशिया. प्ल्युरोझियमची गादी परत बसायला झाडांची सावली लागते, म्हणजे काही दशकं. त्याच गटाने पुढे वेगवेगळ्या काळी जळालेल्या जागा तपासल्या तेव्हा नुकत्या जळालेल्या जागी नायट्रोजन धरण्याचं प्रमाण नगण्य होतं आणि जंगल जुनं होत जाईल तसं ते वाढत गेलेलं दिसलं. म्हणजे भरपाई सगळ्यात हवी असते तेव्हाच ती यंत्रणा बंद असते.

शेतकीवाला

अहो, नॉस्टॉक म्हणजे आपलं भातखाचरात सोडायचं निळं-हिरवं शेवाळच की! आम्हाला कृषी पदवीला अझोला आणि हे शेवाळ दोन्ही होतं. तिकडे स्प्रूसच्या जंगलात मॉसच्या बगलेत तोच भाऊबंद बसलाय हे माहीत नव्हतं.

उमिओकर ताई, तुमचा आकडा घेऊन हिशोब केला. आपल्याकडची युरियाची ४५ किलोची गोणी, त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे जवळपास २१ किलो. तुमचं मॉस वर्षाला २ किलो देतं म्हणजे एका हेक्टरला एक गोणी पडायला दहा वर्षं. आगीत हेक्टरी २०० किलो गेला असं धरलं तर भरून यायला शंभर वर्षं आणि तेही मॉस पहिल्या दिवसापासून कामाला असेल तर. २०० हा आकडा मी अंदाजाने घेतलाय, तो जास्त होतोय का?

पानगळ

@शेतकीवाला, जास्त अजिबात नाही. डफ खोलवर जळाला तर हेक्टरी शेकडो किलो जातो, कारण नायट्रोजनची हानी किती सेंद्रिय थर जळाला त्याच्या हिशोबाने होते. दहा सेंटिमीटर जळणं आणि तळापर्यंत जळणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक.

आणखी एक वाट राहिली, अल्डर नावाचं झुडूप. त्याच्या मुळांच्या गाठींमध्ये फ्रँकिया नावाचा जीवाणू असतो आणि तो मॉसपेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन धरतो. कोकणात समुद्रकाठी लावलेल्या सुरूच्या मुळांवरही फ्रँकियाच असतो. जिथे आगीनंतर हिरवं अल्डर दाट येतं तिथला हिशोब एकदम बदलतो. पण ते सगळीकडे येत नाही.

खाचर

आमच्याकडे महाड बाजूला भाताच्या रोपासाठी राब भाजतात. कवळ, शेण, पातेरा पसरायचा, वर माती आणि मग पेटवायचं. रोप काय जोरात येतं ते बघितलंय. शेतकी खात्याची माणसं राब नको म्हणतात पण घरातले जुने लोक ऐकत नाहीत. हे तुम्ही सांगताय तेच ना?

मातीकाम

@खाचर दादा, रसायन तेच. राखेतलं पोटॅश आणि चुना, मोकळा झालेला अमोनियम, वर तणाचं बी मरतं. फरक एवढाच की राबाला तुम्ही दुसरीकडचा कवळ तोडून आणता, म्हणजे डोंगरावरचं खत खाचरात येतं. जंगलाला बाहेरून कुणी आणून देत नाही, जळतं ते त्याचं स्वतःचंच.

आता धागालेखकाशी थोडं भांडतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून वाचणाऱ्याचा समज होईल की आग म्हणजे निव्वळ तूट. तसं नाही. आग आलीच नाही तर काय होतं ते पण सांगा. क्वेबेकच्या पश्चिमेला क्ले बेल्ट आहे, सपाट चिकणमातीचा मुलूख. तिथे ब्लॅक स्प्रूसचं जंगल फार काळ जळलं नाही की मॉसचा थर चढत जातो, त्यात स्फॅग्नम नावाचं दलदलीतलं मॉस शिरतं, पाणी धरून ठेवतं, मुळं थंड आणि गुदमरलेल्या थरात अडकतात, खालच्या मातीशी संबंध तुटतो. झाडं खुरटतात, जंगलाची दलदल होत जाते. तिथल्या संशोधकांनी ५० वर्षांपासून ते दोन हजारांच्यावर वर्षं आग न लागलेल्या जागा ओळीने तपासल्या आहेत आणि उत्पादकता घटत गेलेली दिसते. तिथे जमिनीच्या तळापर्यंत जाणारी आगच हा साठा मोकळा करते.

उमिओकर

मातीकाम यांच्याशी सहमत, आणि ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण माझ्यामते स्वीडनमधलीच बेटं आहेत. होर्नावान आणि उद्दयाउरे अशी दोन मोठी सरोवरं, त्यात लहानमोठी बेटं. मोठ्या बेटावर वीज पडायची शक्यता जास्त म्हणून ती वारंवार जळालेली, लहान बेटं हजारो वर्षं न जळालेली, काही तर ५००० वर्षं. हवा तीच, खडक तोच, फक्त आगीपासूनचा काळ वेगळा. डेव्हिड वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी अशी ३० बेटं तपासली, १९९७ पासून त्यावर निबंध येतायत. लहान, न जळालेल्या बेटांवर ह्यूमसचा (कुजत आलेल्या सेंद्रिय पदार्थाचा) थर जाड, त्यात नायट्रोजनचा एकूण साठा जास्त, मॉस नायट्रोजन धरतंय ते पण जास्त, आणि तरीही झाडांची वाढ सगळ्यात कमी! कारण कुजणं मंद झालंय, आणि नायट्रोजन बाहेरून येऊ शकतो पण फॉस्फरस खडकातूनच यायचा असतो, तो जाड थराखाली दूर राहतो. ह्यूमसमधलं नायट्रोजन-फॉस्फरसचं गुणोत्तर वाढत जातं. पाच हजार वर्षांच्या बेटावर उभं राहिलं की सगळी झाडं लहान आणि खाली क्रोबेरीचं दाट झुडूप.

हे क्रोबेरी पण मध्ये येतं. त्याच्या पानातली फिनॉलवर्गीय द्रव्यं मातीत साठतात आणि पाइनची रोपं वाढू देत नाहीत. आगीतून राहिलेला कोळसा ही द्रव्यं शोषून घेतो. शंभरेक वर्षांनी कोळशाची ती ताकद ओसरते. मातीचा उभा काप घेतला की हा कोळसा डोळ्याने दिसतो: वर तपकिरी ह्यूमस, त्याच्या बुडाशी काळ्या कोळशाची बारीक रेघ, त्याखाली राखाडी पांढरट वाळू आणि त्याखाली गंजासारखा तांबूस थर. काही ठिकाणी कोळशाच्या दोन-तीन रेघा सापडतात, म्हणजे तितक्या आगी.

वाटसरू

वाचनखूण साठवली. प्रतिसाद धाग्याच्या तोडीचे आहेत.

रानजाई

मग शेवटी आग चांगली की वाईट?

पानगळ

@रानजाई, दोन आगींमध्ये किती वर्षं गेली आणि डफ किती खोल जळाला ह्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. मातीकाम यांचं भांडण मान्य आहे, क्ले बेल्टमध्ये ते म्हणतात तसंच आहे. पण माझी काळजी उलट्या टोकाची आहे.

इथल्या स्प्रूसच्या जंगलाचा शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांचा फेरा असायचा. आग यायची, वरचा काही भाग जळायचा, तळाचा ओला डफ वाचायचा. त्या वाचलेल्या थरात मागच्या कितीतरी फेऱ्यांचं साठलेलं असायचं. २०१४ मध्ये अल्बर्टाच्या उत्तरेला नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये २८ लाख हेक्टरच्या आसपास जंगल जळालं, त्यानंतर झांथे वॉकर आणि सहकाऱ्यांनी त्या जमिनीत उरलेल्या थराचं वय काढलं (२०१९, नेचर). ६० वर्षांहून लहान जंगलांपैकी निम्म्याच्या जवळपास ठिकाणी आग ह्या जुन्या साठ्यापर्यंत पोचली होती, कोरड्या जागी विशेष. म्हणजे मागच्या आगीने जे सोडलं होतं ते ह्या आगीने खाल्लं. त्यांनी कार्बन मोजला, पण नायट्रोजन त्याच थरात बसलेला असतो, तो वेगळा थोडाच राहणार.

वुड बफेलो नॅशनल पार्कच्या बाजूला पंधरा-सोळा वर्षांत पुन्हा जळालेले तुकडे आहेत. अशा ठिकाणी डफ म्हणून काही उरलेलं नाही, बोटाच्या पेराएवढा चुरा आणि खाली सरळ वाळू. जॅक पाइनचा शंकू आगीच्या उष्णतेने राळ वितळून उघडतो आणि बी सोडतो, ही त्याची आगीला तोंड द्यायची रीत, पण झाडावर पुरेसे शंकू धरायला त्याला वयात यावं लागतं. दुसरी आग लवकर आली तर बी पण नाही आणि अन्न पण नाही. तिथे मग विरळ अॅस्पेन (पानझडी झाड) आणि गवत येतं.

मातीकाम

अॅस्पेनबद्दल मात्र थांबा, तो काही दुय्यम नव्हे. डफ खोल जळाला आणि खनिज माती उघडी पडली की अॅस्पेन-बर्चचं बारीक बी तिथे रुजतं, स्प्रूसच्या जागी पानझडी जंगल येतं. पानझडीचा पाला लवकर कुजतो, त्यात कॅल्शियम आणि नायट्रोजन जास्त, त्यामुळे अन्नद्रव्यांचं चक्र वेगाने फिरतं. जमिनीवर दरवर्षी पाल्याचा थर पडत असल्यामुळे मॉस त्याखाली दबून जातं, म्हणजे जुना मंद कारभार परत सुरूच होत नाही. अलास्कात २००४ मध्ये जळालेल्या ७५ स्प्रूसच्या जागा मिशेल मॅक, जिल जॉनस्टोन वगैरेंनी पुढे बघितल्या, २०२१ मध्ये सायन्स नियतकालिकात आलं. पानझडीकडे वळलेल्या जागी शंभर वर्षांत साठणारा कार्बन परत आलेल्या स्प्रूसच्या सुमारे पाचपट निघतो.

पानगळ

मॅक यांचा निबंध मला पण फार महत्त्वाचा वाटतो. पण त्यातला कार्बन लाकडात आहे, मातीत नाही, आणि मातीतला साठा गेलेला गेलाच. कॅरिबूला (इथलं रेनडियर) हिवाळ्यात लागणारं जमिनीवरचं दगडफूल पानझडी जंगलात येत नाही, ज्यांचं जगणं कॅरिबूवर आहे त्या इथल्या मूळनिवासी डेने लोकांना 'पाचपट कार्बन' सांगून काय उपयोग. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही बोलायला हव्यात एवढंच.

सह्याद्रीपुत्र

सायबेरियात पण असंच का? आणि बर्फाळ जमीन असते त्याचं काय, ती वितळली तर आणखी खत सुटेल ना?

पानगळ

@सह्याद्रीपुत्र, सायबेरियात बऱ्याच भागात लार्च आहे, सुया गाळणारं झाड, त्यामुळे तपशील वेगळे. गोठलेल्या जमिनीचं बरोबर ओळखलंत. मॉस आणि डफ हे वरचं पांघरूण, ते जळालं आणि जमीन काळी पडली की उन्हाळ्यात वितळणारा थर खोल जातो आणि त्यातला नायट्रोजन हाताशी येतो. ज्या मुळांची खोली जास्त त्यांना तो मिळतो. पण मॉस परत वाढलं की तो थर पुन्हा उथळ होतो, आणि उतारावर किंवा बर्फ जास्त असलेल्या जागी जमीनच खचते, मग खताचा विचार करायला झाडं उभी कुठे राहतात.

अवांतर: नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या २०१४ च्या आगीनंतर २०१५ मध्ये त्याच भागात मोरेल अळंबीचं एवढं पीक आलं की बाहेरून लोक गोळा करायला गेले होते. बुरशीचं अख्खं जग आगीनंतर बदलतं, झाडांच्या मुळांवर राहून त्यांना नायट्रोजन-फॉस्फरस पुरवणाऱ्या बुरशी डफ जळाला की कमी होतात, त्यावर वेगळा धागा व्हायला हवा.

शेतकीवाला

एवढी तूट आहे तर हेलिकॉप्टरने युरिया टाकता येणार नाही का? स्वीडनमध्ये जंगलाला खत देतात असं ऐकलंय.

उमिओकर

देतात, पण ती लाकडासाठी वाढवलेली जंगलं, तोडणीच्या आधी काही वर्षं हेक्टरी १५० किलोच्या आसपास नायट्रोजन. जळालेल्या रानात ते करण्यात दोन अडचणी. एक म्हणजे पहिल्या वर्षांत मातीत मोकळा नायट्रोजन आधीच जास्त असतो, वरून टाकलेला ओढ्यात जाईल. २०१४ मध्ये आमच्याकडे वेस्टमानलँडला १४ हजार हेक्टरच्या आसपास जंगल जळालं तेव्हा खालच्या ओढ्यांच्या पाण्यात तो वाढलेला दिसलाच. दुसरं म्हणजे नायट्रोजन वरून मिळाला की मॉसमधलं नॉस्टॉक स्वतः धरायचं थांबवतं, प्रयोगांत हे स्पष्ट दिसतं. म्हणजे तुम्ही एकदा टाकायचं आणि ते कायमचं काम करणारं आहे ते बंद पाडायचं.

खाचर

मग माणसाच्या हातात काहीच नाही का?

पानगळ

@खाचर दादा, आहे. उत्तर अल्बर्टातले क्री आणि डेने हे मूळनिवासी लोक पूर्वी वसंतात, बर्फ जाता जाता, कुरणं आणि पाणथळीचे काठ मुद्दाम जाळायचे. त्या दिवसांत वरचं गवत सुकलेलं असतं पण खालचा डफ ओला किंवा अजून गोठलेला, त्यामुळे वरवरचं जळतं, राख मिळते, कोवळं गवत येतं आणि साठा जागेवर राहतो. शिवाय मधली कुरणं जळून गेलेली असली की जुलैतली मोठी आग तिथे अडते. सरकारने विसाव्या शतकात हे बंद पाडलं, आता काही ठिकाणी त्यांच्याच माणसांना बरोबर घेऊन परत सुरू होतंय. आणि जळालेली उभी झाडं लगेच कापून नेऊ नयेत. लाकडात नायट्रोजन कमी असला तरी कॅल्शियम, पोटॅशियम असतं आणि ती झाडं पडून कुजत दोन-चार दशकं जमिनीला देत राहतात. आमच्या इथे आग विझली की पुढच्या हिवाळ्यातच ट्रक लागतात, आणि कमी डफ उरलेल्या वाळूच्या जागा तरी त्यातून वगळा हे आम्ही प्रत्येक अहवालात लिहितोय.